छज्ज्याखालचा खुंटा

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी हरी मेहेरांची बोट झाकणाखालून काढली. माणसांनी खांदा लावला तेव्हा बुडाची फळी आत गेली. फळीत वाळवी होती. बोट पाण्यात उतरली नाही.

हरीचे थोरले भाऊ तिथे उभे होते. ते बोईसरच्या आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. त्यांच्याच आमंत्रणावरून शाळेतली आम्ही काही माणसं तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावी, बोट पाण्यात जाताना बघायला गेलो होतो. मी त्या शाळेची ग्रंथपाल. पालघरहून येणारी, कमी बोलणारी. म्हणूनच बहुधा सर माझ्याशी पुष्कळ बोलत.

सर या माघात गेले. शाळेतल्या शोकसभेत जो उठला त्याने त्यांच्या दारं वाजवण्याच्या सवयीचा एखादा किस्सा सांगितला. लोक हसले, मग डोळे पुसले. त्या दिवसाबद्दल कुणी बोललं नाही. गेलेल्या माणसाबद्दल असलं बोलायचं नसतं, हे मलाही कळतं. पण त्या दिवसाआधीचे सर आणि त्यानंतरचे सर अशी दोन माणसं मी जवळून पाहिली, आणि त्यांतलं एकच सांगितलं तर मेहेर सर सांगितल्यासारखं होत नाही.

पहिले मेहेर सर मोठ्या आवाजाचे होते. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात पेनाशेजारी एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. कुठल्याही लाकडाजवळून जाताना ते उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून त्यावर ठोकत आणि मान तिरकी करून ऐकत. मग निकाल देत, "भरीव." किंवा, "पोकळ." त्या बोटाच्या पेरावर घट्टा पडला होता. बाकं, टेबलं, फळ्याची चौकट, मुख्याध्यापकांची खुर्ची, काहीही सुटत नसे. दुसऱ्याच्या घरी गेले तर आत पाऊल टाकल्यावर मागे वळून चौकट वाजवत. घरातली माणसं गोंधळून बघत राहत. आत आलेला पाहुणा आता दार कशाला वाजवतोय?

हे दोन शब्द ते माणसांनाही लावत. नवीन मुख्याध्यापक रुजू झाले, त्यांचं पहिलं भाषण ऐकून सर माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "पोकळ." मला हसू आवरेना. शाळेजवळ फर्निचरचं दुकान होतं, तिथला सुतार उत्तरेकडचा. त्याच्या दुकानातला प्रत्येक दरवाजा सरांनी वाजवून झाला की तो हात जोडून म्हणायचा, "मास्टरजी, आप तो दरवाज़े की नब्ज़ देखते हैं. अब बताइए, बचेगा कि नहीं?" सर गंभीरपणे सांगत, "बचेगा. पानी से दूर रखो."

आमच्या पीटीच्या घरत सरांचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलगी बघायला मासवणला जायचं होतं. घरत सर घाबरट, म्हणून सोबतीला मेहेर सर. पोहे आले, मुलगी आली, प्रश्न सुरू व्हायच्या बेतात होते, तेवढ्यात मेहेर सर उठले आणि मागच्या दाराची चौकट खालपासून वरपर्यंत वाजवत गेले. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, पाहुणे घराची किंमत करताहेत.

"पोकळ आहे," सर म्हणाले. "मोरी या भिंतीपलीकडे आहे ना?"

"हाय की," वडील म्हणाले. "पण तिचा नि मुलीचा काय संबंध?"

मुलगी पदर तोंडाला लावून हसली. घरत सरही हसले. मोरीचं पाणी पलीकडे काढलं, चौकट बदलली आणि लग्नही झालं. घरतवहिनी आजही म्हणतात, आमची पत्रिका मेहेर सरांनी बोटाने बघितली.

ग्रंथालयात ते दर शनिवारी येत. रुजू झाले त्या वर्षी त्यांनी माझी सगळी कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला लावली. जागा कमी झाली, शिपाई वैतागला, मुख्याध्यापकांनी कारण विचारलं. सरांनी भर वऱ्हांड्यात त्यांना व्याख्यान दिलं. वाळवी लाकडाकडे येत नाही, ओलीकडे येते. लाकूड तिला वाटेत मिळतं. तिची कातडी इतकी पातळ की कोरड्या हवेत, उन्हात ती सुकून मरते. म्हणून ती उघड्यावर चालत नाही, मातीची नळी करून तिच्या आतून चालते. "आपण म्हणतो वाळवी घर बांधते. ती घर नाही बांधत, हवा बांधते. आपल्याला पाहिजे तेवढी गार, पाहिजे तेवढी दमट. तुम्ही कपाट भिंतीला चिकटवलंत की तिचं अर्धं काम तुम्ही करून देता. भिंतीला श्वास घेऊ द्या साहेब."

मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुम्हाला कधी 'मला माहीत नाही' असं म्हणताना मी ऐकलेलं नाही."

"प्रसंग आला नाही," सर म्हणाले.

हे मी इथे लिहिते कारण हा प्रसंग पुढे आला.

शाळेच्या मागे, प्रयोगशाळेच्या खिडक्यांखाली, सरांनी लाकडाचे खुंटे पुरले होते. सगळे एकाच झाडाचे, एकाच मापाचे. मुलं त्या जागेला 'सरांचं कबरस्तान' म्हणत. एक खुंटा हात धुवायच्या नळांपाशी, एक मैदानात भर उन्हात, एक कडुलिंबाच्या सावलीत, एक पावसाचं पाणी साचतं त्या खळग्यात. दर सहामाहीला वर्ग घेऊन ते खुंटे उपटत आणि मुलांच्या हातात देत. नळाजवळचा पहिल्याच पावसाळ्यानंतर पुठ्ठ्यासारखा झाला. उन्हातला वरून धडधाकट आणि मातीखाली कुरतडलेला. खळग्यातल्याला पाणी साचलेलं असेपर्यंत धक्का नाही, पाणी ओसरून माती नुसती ओलसर राहिली की त्याला वाळवी लागली. फार पाणी झालं तर वाळवी वर निघते, फार ऊन झालं तर खाली जाते. वैशाखात ती नाही असं वाटतं, पण असते, खोल असते. आश्विनातल्या उकाड्यात, माती आतून ओली असताना, तिला सगळ्यात जास्त भूक. हे सर इतकं रंगवून सांगत की मुलांना वाळवीबद्दल माया वाटू लागे.

आणि एक खुंटा वेगळा होता. तो सरांनी खाडीच्या पाण्याच्या पिंपात महिनोन्‌महिने बुडवून, खारवून मग पुरला होता. तो त्यांचा लाडका. मुलांचे पाय लागू नयेत आणि आपल्याला येता-जाता दिसावा म्हणून प्रयोगशाळेच्या खिडकीला लागून, छज्ज्याखाली पुरलेला. बाकीचे खुंटे खाल्ले गेले, पुन्हा पुरले, पुन्हा खाल्ले गेले. हा जसाच्या तसा. सर तो उपटून माझ्या टेबलावर आपटत. "बाई, ऐका. भरीव! आमच्या गावातली म्हातारी माणसं उगाच सांगत नाहीत. खारलेल्या लाकडाला वाळवी लागत नाही. आमच्या बोटी किनाऱ्यावर पावसाळा काढतात, कधी कुणी वाळवी बघितली नाही."

कोळ्याच्या घरात वाढलेला मुलगा शिकून शास्त्राचा मास्तर होतो आणि त्याला प्रयोगात आपल्या आजोबांचं वाक्य खरं ठरलेलं सापडतं. त्या आनंदाला मी तरी काय म्हणणार? मीही तो खुंटा हातात घेऊन कौतुक केलं.

हरी धाकटा. तो शाळेत फार रमला नाही, वडिलांची बोट त्याच्याकडे आली. सर लग्नानंतर बोईसरजवळच्या पाम गावी राहायला आले, पण रविवारी गावी जात आणि सोमवारी डब्यात बोंबलांचं कालवण आणत. "आमच्या बोटीचे," असं सांगितल्याशिवाय त्यांनी तो डबा कधी उघडला नाही.

मग एका वर्षी हरीचा पाय मोडला. पावसाळ्यासाठी बोट वर ओढून, झावळ्यांनी आणि निळ्या प्लॅस्टिकने झाकून झाली होती. हरी ओल्या दगडांवरून घसरला. मांडीचं हाड होतं, सळी घालावी लागली. नारळी पौर्णिमा आली तेव्हा तो खाटेवर. त्याचा चुलतभाऊ मोरू घरी आला. म्हणाला, बोट यंदा मी चालवतो, भागीने. बोट पाण्यात राहील, तुझ्या घरात मासळी येईल. हरी तयार होता. हरीची बायको नलिनी तर त्या वेळी मोरूला चहा ठेवायला उठलीसुद्धा होती.

सरांनी नको म्हटलं. मोरू बोट जपणार नाही, असं त्यांचं मत. ते हरीच्या खाटेवर बसून काय म्हणाले ते त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी अभिमानाने सांगितलं होतं: "हरी, बोट दुसऱ्याच्या हातात देऊ नको. खारलेलं लाकूड आहे. वर्षभर पडून राहिलं तरी काय होत नाय. मी तपासलंय."

मी तपासलंय, या शब्दापुढे घरात कुणी बोललं नाही. मोरू चहा न घेता गेला.

मेहेरांच्या घरची रीत अशी की एकदा झाकलेली बोट मध्येच उघडायची नाही, उघडायची ती पूजेच्या दिवशीच. त्यामुळे बोट त्या पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच झाकलेली राहिली. हरी काठी टाकून चालू लागला. पुढच्या नारळी पौर्णिमेला सगळा गाव दर्यावर गेला, आणि दुसऱ्या दिवशी बोट उतरवायचं ठरलं. सरांनी आम्हाला बोलावलं. "बघा तरी," ते म्हणाले, "वर्षाच्या विश्रांतीनंतर बोट कशी जाते ती."

नलिनीने बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या उभ्या लाकडाला, हळदकुंकू लावलं. हार घातला. हरीने नारळ फोडला. झाकण काढताना झावळ्यांखालून एक वास आला, तळघराचा असतो तसा. मला वाटतं तो वास सरांना सगळ्यांच्या आधी कळला असावा, कारण त्यांचं बोलणं मध्येच थांबलं. मग माणसं दोन्ही बाजूंनी लागली, कुणीतरी आरोळी दिली, खांदे टेकले, आणि लाकडाचा आवाज झाला. तो मोडल्याचा आवाज नव्हता. टोपलीवर पाय पडावा तसा होता. हरीचा हात कोपरापर्यंत बोटीच्या आत गेला होता. त्याने तो बाहेर काढला. हाताला भुसा आणि ओली माती, आणि त्यात पांढरे किडे वळवळत होते.

 आणि मग सरांनी जे केलं ते मला कधी विसरता येणार नाही. ते पुढे झाले, हाताचं मधलं बोट दुमडलं आणि बोटीचं लाकूड वाजवू लागले. बुडाच्या फळ्या नाळेपासून मागपर्यंत, एकेक. सगळा गाव ऐकत होता. आवाज काय येतोय हे सांगायला शास्त्र लागत नव्हतं. ते वाजवत राहिले. मी समुद्राकडे बघू लागले. माझ्या शेजारी घरत सर आपल्या चपलांकडे बघत होते. एका माणसाची लाज इतक्या लोकांमध्ये वाटली गेली तरी ती कमी होत नव्हती.

"मास्तर," शेवटी मोरू म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "आता कशाला वाजवता? वाजवायची होती तवा वाजवली नाय."

सरांचा हात थांबला.

आम्हाला तिथून निघून जायचं होतं, पण नलिनीने जाऊ दिलं नाही. तिने पाहुण्यांसाठी नारळीभात केला होता. ओट्यावर पानं मांडली. घरत सर म्हणाले, "वहिनी, आज नको." ती म्हणाली, "शिजवलाय ना? मग खावा." तिने सगळ्यांना वाढलं, सरांना सगळ्यात आधी. हरी हात धुऊन आला, शेजारी बसला आणि जेवला. त्याने भावाला एक शब्द विचारला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. तो गोड भात कसा गिळला ते आम्हाला माहीत. सरांच्या पानातला तसाच राहिला.

दुसरे मेहेर सर मला भेटले ते त्यानंतरच्या आठवड्यात. वर्ग सुटल्यावर ते प्रयोगशाळेमागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत म्हणून मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून पाहिलं. ते छज्ज्याखाली उकिडवे बसले होते. समोर तो खारवलेला खुंटा. पाऊस पडत होता. नळाजवळची माती काळी झाली होती, मैदानात चिखल होता, आणि खुंट्याभोवतीची माती पांढरी, भुरभुरीत, कोरडी होती. पागोळी त्याच्यापासून हातभर लांब पडत होती.

"बाई," ते म्हणाले. मी खिडकीत आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. "इतकी वर्षं मी मीठ तपासत नव्हतो. मी छप्पर तपासत होतो."

मग ग्रंथालयात येऊन त्यांनी मला सगळं सांगितलं. वर्गात सांगत तसं नाही, थांबत थांबत. पूर्वी बोटी निव्वळ वाळूवर असत. त्या वाळूत वाळवी कुठली? आता किनाऱ्यालगतच्या रस्त्यासाठी आतल्या गावांतून मुरूम-मातीचा भराव टाकलाय, बोट त्यावर टेकली होती, लाकडी ओंडक्यांवर. शेजारी मासळी सुकवणाऱ्यांनी नवी शेड घातली, तिच्या पत्र्यावरचं पाणी झाकणाच्या फटीतून बोटीत जात होतं. गोडं पाणी. दोन पावसाळे. लाकडातलं मीठ त्या पाण्याने धुऊन नेलं. बुडाच्या फळ्या मागच्या दुरुस्तीत घातलेल्या, साध्या लाकडाच्या. वर प्लॅस्टिक, त्यामुळे आत ना ऊन, ना वारा.

"तिला जी हवा बांधायला लागते ती आम्ही बांधून दिली," ते म्हणाले. "मला हे सगळं येत होतं. प्रत्येक गोष्ट येत होती. फक्त आमच्या बोटीला ते लागू आहे असं वाटलं नाही."

त्यांनी तो खुंटा उपटला आणि पागोळीच्या बाहेर, उघड्यावर पुरला. पुढच्या पावसाळ्याअखेर तो हातात चुरला.

त्यानंतर सरांनी दारं वाजवणं सोडलं. मुलांनी बाक पुढे करून "सर, भरीव की पोकळ?" विचारलं तर ते म्हणत, "मला माहीत नाही." मुलांना वाटे सर चेष्टा करताहेत. खुंट्यांचा धडा ते घेत, पण आवाज खाली आला होता आणि गावच्या म्हाताऱ्यांचं नाव निघत नसे. रविवारचं गावी जाणंही थांबलं, पण डब्यात बोंबील येत राहिले. नलिनी पाठवायची, पूर्वीसारखेच. फक्त आता ती ते बाजारातून विकत घेऊन पाठवायची, हे सरांना ठाऊक होतं. डबा ते घरत सरांपुढे सरकवत आणि म्हणत, पोट बरं नाही.

हरी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला होता. ठेकेदाराकडे, पिंपं चढवायचं काम. ज्याचा पाय सळीवर उभा त्याने करू नये असं. त्याची सायकल दुपारपाळीला आमच्या फाटकावरून जायची. पूर्वी सर त्या वेळी फाटकाशी उभे राहून मुलांना रस्ता ओलांडून देत. आता ते त्या सुमाराला ग्रंथालयात यायचे, शेवटच्या दोन कपाटांमध्ये जाऊन उभे राहायचे आणि एखादं पुस्तक काढून उलटंसुलटं करायचे. सायकल गेली की बाहेर पडायचे. हरी कधीकधी फाटकाशी सायकल उभी करून पायाला आराम द्यायचा आणि आत बघायचा. मला माझ्या टेबलापासून दोघे दिसत. मी काही बोलत नसे. पुस्तकांच्या आड उभे राहणारे सर काही पहिले नव्हते, आणि ग्रंथपालाने अशा माणसाला काय पाहिजे म्हणून विचारायचं नसतं.

एकदा मात्र त्यांनीच विषय काढला. "बाई, तो माझ्यावर ओरडला असता तर मी काहीतरी बोललो असतो."

"तुम्ही आधी बोला," मी म्हटलं.

"काय बोलू? 'मी तपासलंय' असं सांगितलं होतं. आता 'चुकीचं तपासलं' असं सांगायला जाऊ? त्याला काय कळणार?"

त्याला कळणार नाही म्हणून ते जात नव्हते असं मला वाटलं नाही. त्यांनाही वाटलं नसावं. ते मान खाली घालून निघून गेले. अशी वर्षं गेली. गावात एक लग्न झालं, मोरूची आई वारली, प्रत्येक वेळी सरांना शाळेचं काही ना काही काम निघालं. पामपासून किनारा किती जवळ! वारा फिरला की सुकत्या मासळीचा वास त्यांच्या अंगणात येत असणार.

निवृत्तीनंतर ते आजारी पडले. छातीत पाणी व्हायचं. दवाखान्यात मी भेटायला गेले होते तेव्हा डॉक्टर त्यांच्या पाठीवर एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकत ऐकत होते. सर म्हणाले, "काय येतंय आवाज? भरीव की पोकळ?"

तरुण डॉक्टर हसले. "खाली भरीव येतोय काका. पाणी आहे."

"म्हणजे ओल शिरली," सर म्हणाले. 'भरीव' आणि 'पोकळ' हे शब्द कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून ऐकले. डॉक्टर गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "घरी सोडलं की एकदा गावी जायचंय. तुम्ही येता का? मला एकट्याला जमणार नाही."

आम्ही रिक्षाने गेलो, थंडीच्या दिवसांत, सकाळी. हरी सुट्टीवर होता, ओट्यावर बसून जुनं जाळं उसवत होता. त्याच्याशेजारी, खांबाला टेकवून, बोटीची नाळ उभी होती. बाकीची बोट चुलीत गेली, एवढंच सागाचं लाकूड शाबूत राहिलं होतं. त्यावर कुंकवाचा जुना डाग होता. सरांना पाहून हरी उठला. नलिनी दारात आली आणि आत पाणी आणायला गेली. सर ओट्यावर टेकले. दम लागला होता.

 मग हरीने नाळेकडे मान केली. "दादा, वाजवून बघ. बरी हाय ना?"

सरांनी बोट दुमडलं. हात अर्ध्यावर गेला आणि थांबला. त्यांनी तळवा उघडून लाकडावर ठेवला, नुसता.

"हरी," ते म्हणाले, "मी मीठ तपासलं नव्हतं. तो खुंटा छज्ज्याखाली होता. त्याच्यावर पाऊस पडतच नव्हता."

"म्हंजे?"

"म्हंजे माझी चूक. बोट माझ्यामुळे गेली."

हरीने जाळं खाली ठेवलं. "ते मला पहिल्या दिशीच ठाव होतं," तो म्हणाला. "तू बोलशील म्हून थांबलेलो. रोज शाळेपाशी सायकल लावायचो. तू आत जायचास."

सरांनी लाकडावरचा तळवा मागे घेतला.

"लई येळ लावलास दादा," हरी म्हणाला.

त्यात राग नव्हता. राग असता तर सरांना ते सोपं गेलं असतं. नलिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी राहिली होती. मी पायरीवर बसून वाळूकडे बघत होते, जिथे पूर्वी बोट असायची. तिथे आता कुणाची तरी फायबरची होडी होती.

निघताना हरी सरांना धरून रिक्षापर्यंत आला, लंगडत. दोघांत कोण कुणाला धरून चाललंय ते मागून कळत नव्हतं. रिक्षात बसल्यावर सरांनी बाहेर मान काढली. घराच्या छपराच्या पत्र्याच्या कडेकडे, मग ओट्याकडे पाहिलं. "हरी, ती नाळ आत घे. तिथे पागोळी पडेल. आणि भिंतीला चिकटवू नको."

"बरं."

"वीतभर अंतर ठेव."

"ठेवतो. जा तू आता."

मला दिसलेले मेहेर सर ते शेवटचे. रिक्षा पामच्या रस्त्याला लागली तेव्हा ते आपला उघडा तळवा मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होते. घराशी उतरल्यावर त्यांनी मला आत बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी मी गेले नसते.

परवा मी हरीकडे जाऊन आले. शाळेतले खुंटे नव्या बांधकामात उपटले गेले. हरीची नोकरी सुटली आहे. नाळ त्याच्या घरात आहे, भिंतीपासून वीतभर अंतरावर. ती कोरडी आहे.